ब्रँडची तपासणी की बंधनकारक करार?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेल्या शर्टाच्या कॉलरखाली ‘मेड इन बांगलादेश’ अशी बोटभर पट्टी दिसली, आणि तो शिवणाऱ्या हातांचे रक्षण नेमके कशाने होते, हा प्रश्न मनातून जाईना. (गावच्या शिंप्याची निदान विचारपूस तरी करता येते.)

एक मार्ग ब्रँडच्या सांगण्यावरून होणाऱ्या तपासणीचा. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथे आग लागली आणि खिडक्यांना गज असल्याने अडीचशेहून अधिक माणसे आत अडकून मृत्युमुखी पडली.

दुसरा मार्ग, आणि माझा कौल यालाच, बांगलादेशातील ‘ॲकॉर्ड’चा. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील राणा प्लाझा कोसळून १,१०० हून अधिक जीव गेल्यावर कामगार संघटना आणि ब्रँड यांच्यात झालेल्या या करारानुसार तपासणीचे अहवाल जाहीर होतात, धोक्याच्या जागी काम नाकारण्याचा हक्क मिळतो आणि ब्रँडने शब्द मोडल्यास लवादाकडे दाद मागता येते. हेगच्या लवादापुढे अशी दोन प्रकरणे गेली आणि तडजोडीने मिटली. मात्र इमारत भक्कम झाली, तरी मजुरीच्या प्रश्नाला हा करार हात घालत नाही, आणि ही उणीव फार मोठी आहे.