रोइंगचा क्लास लावावा का? ठाण्यातल्या स्टुडिओचा वापरानंतरचा अनुभव

घोडबंदर रोडवरच्या एका छोट्या रोइंग स्टुडिओत गेल्या पावसाळ्यापासून जातेय. रोइंग म्हणजे सरकत्या सीटवर बसून हँडल ओढायचं, होडी वल्हवल्यासारखं, पण मशीनवर. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि बाकीचं कुठल्याही अशा स्टुडिओला लागू पडेल.

माझं मत आधीच सांगते. तुमच्या पाठीकडे बघणारा कोच असेल तरच अशा ठिकाणी पैसे घाला. मशीन काय, बऱ्याच साध्या जिममध्येही कोपऱ्यात एखादं धूळ खात पडलेलं असतं.

रोइंग दिसायला हातांचा व्यायाम वाटतो. आमच्या सासूबाई तर म्हणाल्या, "एवढे पैसे कशाला, तलावपाळीला जाऊन होडी वल्हव." प्रत्यक्षात जोर बहुतेक पायांचा. आधी पायांनी ढकलायचं, मग कमरेतून धड मागे न्यायचं, शेवटी हात छातीखाली ओढायचे. परत येताना नेमकं उलट: हात, धड, मग गुडघे. ऐकायला सोपं आहे. पण थकलं की गुडघे आधी वर येतात, हँडल त्यांच्यावरून उडी मारून न्यावं लागतं, पाठीला बाक येतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर बोलते. आमचा सकाळचा कोच कळव्याचा मुलगा आहे. गाणी लावून पुढे उभा राहत नाही, रांगेतून फिरतो. "ताई, हात आधी सोडा. गुडघ्यांना घाई नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता घरी भांडी घासतानाही आठवतं. त्यानेच पायाचा पट्टा बोटांवरून काढून चवड्याच्या रुंद भागावर आणायला लावला, तेव्हा कुठे ढकलण्यात जोर आला.

संध्याकाळच्या बॅचला दुसरा कोच असतो. माईकवर ओरडणं भरपूर, बघणं शून्य. मशीनं तीच, फी तीच, पण पाठ तिथेच दुखली. त्यामुळे ट्रायल क्लासला जाल तेव्हा तुमची बॅच ज्या कोचकडे असेल त्याच्याकडेच ट्रायल मागा.

मशीनच्या बाजूला एक ते दहा आकड्यांची खिटी असते, तिला डॅम्पर म्हणतात. नवा माणूस, विशेषतः नवा पुरुष, बसल्या बसल्या ती दहावर नेतो. दहा म्हणजे जास्त व्यायाम असं नाही, ती सायकलच्या गिअरसारखी आहे. आमच्याकडची मशीनं हवेची, म्हणजे आत पंखा फिरतो; त्यांत प्रतिकार तुम्ही जितक्या जोरात ओढाल तितका मिळतो. बहुतेकांना तीन ते पाच पुरतं. काही स्टुडिओंत पाण्याच्या टाकीची मशीनं असतात, त्यांचा आवाज छान येतो, पण तिथले आकडे आणि इथले आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

आकड्यांवरून आठवलं. स्क्रीनवर ५०० मीटरला किती वेळ लागेल ते दिसतं, त्याला स्प्लिट म्हणतात. २:३० चा स्प्लिट म्हणजे साधारण १०४ वॅट. २:०० करायचा तर २०० च्या वर वॅट लागतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट ताकद. सुरुवातीला स्प्लिट भराभर उतरतो, मग महिनोन्‌महिने तिथेच अडकतो, त्याचं कारण हे. आणि कॅलरीचा आकडा? कॉन्सेप्ट२ या कंपनीच्या मशीनवर तो सुमारे ७९ किलोच्या माणसाचं गणित धरून येतो. मी त्यापेक्षा बरीच हलकी आहे, त्यामुळे माझ्यासाठी तो फुगलेला आकडा. त्याच्या भरवशावर वडापाव खाऊ नये.

आमच्याकडे भिंतीवरच्या टीव्हीवर सगळ्यांचे वॅट क्रमाने लागतात. उंच आणि वजनदार माणसं आपसूक वर. मी कोचला सांगून माझं नाव काढायला लावलं, त्याने लगेच काढलं. ज्यांना चुरस आवडते त्यांना मजा येईल. मधूनमधून २००० मीटरची टेस्ट होते. ऑलिंपिकच्या शर्यतीचं नेहमीचं अंतरही तेच. आपल्या नाशिककडचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओत याच अंतरावर एकट्याची होडी वल्हवत तेरावा आला होता. तिसरे ५०० मीटर चालू असताना त्याच्याबद्दलचा माझा आदर भलताच वाढतो.

तक्रार एकच, पण मोठी. क्लास ॲपवर बुक करायचा, उशिरा रद्द केला तर पैसे भरलेल्या पॅकमधून तो क्लास कापला जातो. घोडबंदर रोड ज्याला माहीत आहे त्याला याचा अर्थ कळेल. मेट्रोचं काम, मधेच बंद पडलेला कंटेनर, कापूरबावडीला अडकलात की क्लास गेला. पावसात तर विचारूच नका. मी सकाळी सातची बॅच धरली ती यासाठी. स्टुडिओ घरापासून चालत किंवा एका छोट्या रिक्षात गाठता येत नसेल, तर कितीही चांगला असला तरी लावू नका. पॅकची मुदत किती, गावी गेल्यास फ्रीझ करता येतो का, आणि सांगितलेल्या रकमेत जीएसटी धरलाय का, हे पैसे भरण्याआधी विचारा. सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, जुना दर लावून कोणी बिल देत असेल तर बोला.

गुडघे कुरकुरणाऱ्यांना हा व्यायाम धावण्यापेक्षा सोपा जातो, कारण आपटणं नाही. पण गुडघा पूर्ण वाकतो, तिथेच दुखत असेल तर नाही जमणार. स्लिप डिस्क असेल तर आधी डॉक्टर. दिवसभर खुर्चीत बसून मांड्यांच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतील, तर पहिले काही आठवडे नुसतं कमरेतून वाकायला शिकण्यात जातील. कंटाळू नका. आणि रोइंगमध्ये सगळं ओढणं आहे, हातांनी ढकलणं नाही. मी घरी आठवड्यातून दोनदा पुशअप करते, ओट्याला हात टेकून का होईना.

सैल कुर्ता नको, त्याचं टोक सीटच्या चाकांत जातं. तळहाताला घट्टे पडतात, अंगठी काढून ठेवा.

सहा-सात महिन्यांनी आता तंत्र अंगवळणी पडलंय, त्यामुळे अमर्याद पॅक सोडून आठवड्याला दोन क्लासचा घेतलाय. सकाळचा कोच नोकरी सोडणार अशी कुजबुज आहे. तो गेला तर मी सोसायटीच्या जिमसाठी एक जुनं मशीन वर्गणी काढून घ्यायचा विषय पुढच्या मीटिंगला मांडणार आहे.