कॉर्डलेस टूलच्या १८ व्होल्ट बॅटऱ्या: १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हा रिव्ह्यू मुद्दाम उशिरा लिहितेय. पहिल्या आठवड्यात बॅटरीबद्दल काय लिहिणार, नवीन असताना सगळ्याच चांगल्या चालतात. माझ्याकडे ड्रिल, सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) आणि छोटा ग्राइंडर आहे, तिन्ही एकाच प्लॅटफॉर्मचे म्हणजे बॅटरी यातली काढून त्यात लावता येते. घरचं फर्निचर स्वतः बनवायचं म्हणून घेतले, आणि आता आठवड्यातून तीन-चार दिवस तरी काही ना काही चालूच असतं. किटमध्ये २ एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) दोन बॅटऱ्या आल्या होत्या, नंतर ४ एएचची एक घेतली. आली त्याच दिवशी मार्करने लहान दोघींवर अ, ब आणि मोठीवर क असं लिहून ठेवलं आणि एका वहीत कधी चार्ज केली, किती काम झालं ते टिपत गेले. ती वही नसती तर खाली जे लिहितेय त्यातलं निम्मं मला कळलंच नसतं.

आधी व्होल्टचा गोंधळ मिटवते, कारण नवीन लोक हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात. एका डब्यावर १८ व्होल्ट लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर २० व्होल्ट मॅक्स, आणि माणूस २० वालं उचलतो. आतून दोन्ही सारखेच आहेत हो! पाच लिथियम आयन सेल एकामागे एक जोडलेले असतात, एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६ धरला तर पाचांचे १८ होतात, आणि फुल चार्ज झाल्या झाल्या सेल ४.२ ला असतो तेव्हा मोजलं तर २१ च्या आसपास येतात. कोणता आकडा छापायचा एवढाच फरक. मी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) लावून पाहिलं, अ आणि ब दोन्ही चार्जरवरून काढल्यावर २०.७ का २०.८ दाखवत होत्या.

खरा फरक एएचमध्ये आहे आणि तो नुसता जास्त वेळ चालण्यापुरता नाहीये, हे मला सॉ वापरल्यावर कळलं. २ एएचच्या बॅटरीत पाचच सेल असतात. माझ्या ४ एएचच्या बॅटरीत दहा आहेत, दोन-दोनच्या पाच जोड्या. आता जाड प्लायमध्ये सॉ घातला आणि मोटरने ३० अँपिअर मागितले, तर पाच सेलवाल्या पॅकमध्ये प्रत्येक सेलमधून पूर्ण ३० जातात, दहावाल्यात जोडीत वाटले जाऊन १५-१५. सेलवर ताण कमी, गरम कमी होतात, व्होल्टेजही कमी घसरतो. त्यामुळे हिशोबाने क ने अ च्या दुप्पट काम द्यायला हवं, पण माझ्या वहीत सॉच्या कामात जवळजवळ अडीचपट निघालंय. २ एएचवर सॉ मधेच थांबायचा, मला वाटायचं सॉ मध्येच दोष आहे. दोष काही नव्हता, व्होल्टेज एकदम खाली गेला की टूल स्वतःच बंद होतं, बॅटरी वाचावी म्हणून. तेव्हापासून लहान बॅटऱ्या फक्त ड्रिलला, सॉ आणि ग्राइंडरला क. ड्रिलला उलट लहानच बरी, डोक्याच्या वर हात करून भोकं पाडायची तर ते पाव-एक किलो कमी वजन मनगटाला चांगलंच जाणवतं.

आता ब ची गोष्ट, जी मला अजून लागून राहिलीय. सातव्या महिन्यात एक काम संपवलं, शेवटचे स्क्रू मारताना ड्रिल अगदी मान टाकेपर्यंत वापरलं आणि बॅटरी तशीच ड्रिलला लावलेली ठेवून पेटी बंद केली. मग दुसऱ्या गडबडीत चार महिने पेटी उघडलीच नाही. उघडली तेव्हा ब ला चार्जरवर लावल्यावर लाल लाइट भराभर लुकलुकायला लागला आणि चार्जिंग सुरूच होईना. मल्टिमीटरवर ९.४ व्होल्ट. म्हणजे सेलमागे दोनसुद्धा नाही, आणि लिथियम आयन सेल साधारण २.५ च्या खाली जाऊ द्यायचा नसतो. झालं असं की रिकामी बॅटरी आधीच काठावर होती, त्यात सेल स्वतःहून थोडे उतरतात, आतलं सर्किट थोडं खातं आणि काही टूल्स ट्रिगर न दाबताही थेंब थेंब करंट ओढत राहतात. भरलेल्या बॅटरीला चार महिन्यांत याने काही झालं नसतं. रिकामीला झालं.

यावर एक उपाय बरेच जण सांगतात, चांगल्या बॅटरीला वायरने जोडून मेलेलीला थोडा धक्का द्यायचा म्हणजे चार्जर तिला ओळखतो. मलाही दोघांनी सांगितलं. मी केलं नाही आणि कुणी करूही नये असं मनापासून वाटतं. सेल इतका खाली गेला की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं, परत चार्ज करताना ते नको तिथे जमा होतं आणि सेलच्या आतच शॉर्ट होऊ शकतो. चार्जर नाही म्हणतोय तो उगाच नाही म्हणत. ब च्या टर्मिनलवर, म्हणजे टूलला जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, चिकटपट्टी लावली आणि ई-कचरा घेतात तिथे देऊन आले. नेहमीच्या कचऱ्यात मात्र अजिबात टाकू नका, गाडीत दाबली गेली, फुटली की आग लागते.

तेव्हापासून ठेवायची पद्धत पूर्ण बदलली. महिनाभर काम नसेल तर बॅटरी टूलवरून काढायची आणि निम्मी भरलेली ठेवायची, चार लाइटपैकी दोन लागतात तेवढी, मीटरवर १८.५ ते १९. फुल भरून ठेवणंही चांगलं नाही, हे मला आधी माहीत नव्हतं, मी तर कामाला सदैव तयार म्हणून १०० टक्के करूनच कपाटात ठेवायचे. पूर्ण भरलेला सेल नुसता पडूनसुद्धा लवकर म्हातारा होतो आणि त्यात उष्णता असेल तर फारच लवकर. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवत नाही, घरातल्या थंड कपाटात ठेवते, आणि दर दोन महिन्यांनी एकदा लाइट बघते. त्याच डब्यात स्क्रू, खिळे, ड्रिल बिट टाकायचे नाहीत. टर्मिनलवर एखादा खिळा आडवा पडला की संपलं. बॅटरीसोबत प्लास्टिकची टोपी येते ना, ती फेकू नका.

चार्जिंगचं सांगायचं तर जुन्या निकेल कॅडमियमवाल्यांनी शिकवलेलं विसरून जा. पूर्ण उतरवूनच चार्ज करायचं, नाहीतर बॅटरीला सवय लागते, हे त्या काळच्या बॅटऱ्यांसाठी होतं, लिथियमला तसली मेमरी नसते. उलट अर्धी असतानाच लावलेली तिला मानवते. मी आता ड्रिलचा जोर कमी झालेला जाणवला की लगेच बदलते, शेवटचा स्क्रू पिळून काढायला जात नाही. माझा चार्जर २ अँपिअरचा आहे, अ ला सव्वा तास, क ला सव्वादोन-अडीच तास. शेवटचा भाग हळूच भरतो कारण ४.२ ला पोचल्यावर चार्जर करंट कमी करत नेतो, त्यामुळे घाई असेल तर मी ८० टक्क्यांवरच काढून घेते, त्याने काही बिघडत नाही.

आणि गरम बॅटरी. ग्राइंडरवरून काढलेली बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापलेली असायची आणि मी तशीच चार्जरवर ठेवायचे, चार्जर चार्जिंग सुरू न करता लाइट लुकलुकवत बसायचा. दोन महिने मी चार्जरलाच नावं ठेवली! आत तापमान मोजणारा सेन्सर असतो, बॅटरी निवेपर्यंत तो थांबतो. आता अर्धा तास सावलीत टेबलावर ठेवते आणि मगच लावते. जिथे पारा शून्याखाली जातो तिथे उलटं, गारठलेली बॅटरी आधी घरात आणून नॉर्मलला येऊ द्यायची, शून्याखाली चार्ज केलं तर लिथियमचा धातू सेलमध्येच साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. बरं, बॅटरी इतकी का तापते हेही बघा. माझ्या बाबतीत निम्म्या वेळा कारण बोथट ब्लेड होतं. नवीन ब्लेड लावलं त्या दिवशी क ने एका चार्जमध्ये ११ ऐवजी १७ कट दिले, प्लाय तोच, मीही तीच.

ब गेल्यावर मी एक स्वस्तातली, दुसऱ्याच कुणीतरी बनवलेली कंपॅटिबल बॅटरी मागवली होती, वर ६ एएच लिहिलेलं. हातात घेतली तेव्हाच शंका आली, वजन केलं तर ३९० ग्रॅम. आता १८६५० प्रकारचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब तो, एकेक साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो आणि चांगल्यातला चांगला घेतला तरी साडेतीन एएचच्या आसपासच देतो. ६ एएचला दहा सेल हवेत, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन साडेचारशेच्या वर जायला हवं, खोक्याचं वेगळं. ३९० मध्ये पाचच सेल बसतात. त्याच दिवशी परत पाठवली. बॅटरी घेताना तराजू जवळ ठेवा, लेबलपेक्षा तो खरं बोलतो. अशा दहा सेलच्या लहान खोक्यावर ९ किंवा १२ एएच दिसलं तर वजनसुद्धा करायची गरज नाही.

विमानाने टूल न्यायचं असेल तर एएचला व्होल्टने गुणा, वॉट-अवर येतात, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा. २ एएचची ३६, ४ ची ७२, ५ ची ९०. सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच न्यायच्या असतात, चेक-इनमध्ये नाही, आणि १०० वॉट-अवरच्या वर गेलं की विमान कंपनीची परवानगी लागते. टर्मिनलला टोपी लावून न्या.

आजची स्थिती सांगते. अ ला १४ महिने झाले, सुरुवातीला एका चार्जमध्ये एकाच जाडीच्या लाकडात ८ मिलिमीटरची ६४ भोकं पडायची, गेल्या रविवारी मोजली तर ५८. क मध्ये अजून फरक दिसत नाही, पण ती पाच महिन्यांनी लहान आहे. पुढची ५ एएचची घेणार आहे, त्याच कंपनीची, आणि तिच्यावर ड लिहिणार.