एकत्र वावरायचं व्हीआर जग: ए-फ्रेम आणि नेटवर्क्ड-ए-फ्रेमचा अनुभव

बरेच महिने ए-फ्रेम आणि नेटवर्क्ड-ए-फ्रेम ही जोडी रोज वापरून झाल्यावर माझं ठाम मत झालंय: व्हीआरचं (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी जगाचं) टूल निवडताना त्यात दृश्य किती देखणं दिसतं यापेक्षा एका वस्तूला दोघांनी हात घातला की काय होतं, ते आधी बघावं.

एकट्यापुरतं जग उभं करायला ए-फ्रेमसारखं सोपं काही नाही. २०१५ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या व्हीआर टीमने ते आणलं. एचटीएमएलचे मोजके टॅग लिहिले की ब्राउझरमध्ये खोली तयार. कंट्रोल-ऑल्ट-आय दाबलं की इन्स्पेक्टर उघडतो आणि वस्तू जागच्या जागी सरकवता येतात. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं मॉडेल जीएलटीएफ या फाइल फॉरमॅटमध्ये काढून थेट टाकता येतं. फक्त हेडसेटवर व्हीआर मोड हवा असेल तर साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) लागते.

खरा कस लागतो तो नेटवर्क्ड-ए-फ्रेम, म्हणजे अनेकांना एकाच खोलीत आणणारी जोड, लावल्यावर. इथे प्रत्येक सामायिक वस्तूला एका वेळी एकच मालक असतो आणि त्याच्याकडचेच बदल इतरांपर्यंत जातात. मालकी न घेता मी दार उघडलं तर ते फक्त माझ्यासाठी उघडतं, बाकीच्यांना मी बंद दारातून आरपार गेलेला दिसतो! म्हणून पकडण्याच्या क्षणी टेकओनरशिप, म्हणजे मालकी आपल्याकडे घेणारी आज्ञा, हवीच. दुसरी गोष्ट स्कीमाची, म्हणजे वस्तूचं काय काय इतरांपर्यंत पोचवायचं त्या यादीची. आपोआप पोचतात ती फक्त जागा आणि दिशा. दिव्याचा रंग स्कीमात नोंदवला नाही, तर तो ज्याने बदलला त्याच्याच डोळ्यांपुरता राहतो. नोंदवला की उशिरा आलेल्यालाही बरोबर दिसतो. ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते, पण काय शेअर होतंय आणि काय नाही हे तुम्हीच ठरवता, हे मला फार मोलाचं वाटतं.

बदल सेकंदाला १५ वेळा जातात, मधली हालचाल गुळगुळीत करून दाखवता येते. गप्पा, फिरणं, वस्तू हाताळणं यांना तेवढं पुरतं. झेलाझेलीचा वेगवान खेळ करायचा असेल तर हे टूल घेऊ नका.

आवाजाचं मात्र आधीच ठरवा. अडॅप्टर म्हणजे खोलीतल्यांना एकमेकांशी जोडणारा भाग. त्यातल्या ईझीआरटीसी अडॅप्टरमध्ये ब्राउझर एकमेकांना थेट जोडलेले असतात. खोलीत १० जण असतील तर प्रत्येकजण आपला आवाज ९ जणांना पाठवतो. मोठ्या गटासाठी मधे सर्व्हर असलेला जेनस अडॅप्टर घ्यावा. शिवाय खोली रिकामी झाली की मांडामांड जाते. ती टिकवायची तर डेटाबेस आपला आपण जोडायचा.

७२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं दाखवणाऱ्या, हेडसेटवर एका फ्रेमला जेमतेम १४ मिलिसेकंद मिळतात, त्यामुळे टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) लहान आणि सावल्या आधीच बेक केलेल्या, म्हणजे त्या चित्रांतच रंगवून ठेवलेल्या, बऱ्या.

एवढं सगळं करावं लागूनही मी याच जोडीवर टिकून राहिलो, त्याला कारण आहे. मोझिला हब्ज ही ब्राउझरमधल्या व्हीआर खोल्यांची सेवा याच पायावर उभी होती. मोझिलाने ती सेवा ३१ मे २०२४ ला बंद केली, पण कोड खुला असल्याने ज्यांना हवं त्यांना ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता आलं. माझ्याही खोल्या म्हणजे साध्या फाइली आहेत, उद्या होस्टिंग बदललं तर त्या उचलून दुसरीकडे ठेवता येतील.