दोघेही थॅलेसेमियाचे वाहक: तपासणी भ्रूणाची करावी की गर्भाची?

हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसचे, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचे, दोन कागद समोर असतात, एक पत्नीच्या नावाचा आणि एक पतीच्या. दोन्हींवर एचबी-ए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेलेला असतो आणि खाली 'बीटा थॅलेसेमिया मायनर' असे छापलेले असते, म्हणजे दोघेही या आनुवंशिक रक्तविकाराचे केवळ वाहक असतात. दोघांनाही आजवर काही त्रास झालेला नसतो. फार तर 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या घेतलेल्या असतात. मात्र अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात बाळ 'मेजर', म्हणजे दोघांकडूनही दोष घेतलेले व प्रत्यक्ष आजारी, असण्याची शक्यता २५ टक्के, मायनर असण्याची ५० टक्के आणि दोष मुळीच नसण्याची २५ टक्के असते. मेजर बाळाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्यातून शरीरात साचणारे लोह काढण्यासाठी सतत औषध घ्यावे लागते. हे टाळू पाहणाऱ्यांपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: नेहमीप्रमाणे दिवस राहिल्यावर वारेची तपासणी करणे, किंवा आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर फलन, करून भ्रूण गर्भाशयात ठेवण्यापूर्वीच तपासणे.

वारेची तपासणी, म्हणजे सीव्हीएस, साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुईने वारेचा लहानसा अंश काढला जातो आणि आई-वडिलांचे दोष त्यात उतरले आहेत का, हे डीएनएवरून पाहिले जाते. अनुभवी हातांत या सुईमुळे गर्भ पडण्याचा धोका एक टक्क्याहून कमी असतो. खर्च हजारांत राहतो आणि मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेसारख्या सरकारी संस्थेत या आजारांच्या गर्भनिदानाचा दीर्घ अनुभव आहे. चारपैकी तीन वेळा उत्तर दिलासा देणारे येते. उरलेल्या वेळी मात्र गर्भपाताचा निर्णय घ्यावा लागतो, आणि एकदा असे झाले म्हणून पुढच्या वेळची शक्यता कमी होत नाही. सलग दोनदा मेजर गर्भ राहण्याची शक्यता सोळात एक आहे. ती लहान वाटते, पण ज्यांच्या वाट्याला येते त्यांना ती लहान नसते.

भ्रूणतपासणीत क्रम उलटा होतो. आधी दोघांच्या रक्तावरून, आणि घरात मेजर मूल असल्यास त्याच्याही रक्तावरून, त्या कुटुंबापुरती चाचणी तयार करावी लागते. मग सुमारे दहा-बारा दिवस इंजेक्शने, भूल देऊन स्त्रीबीजे काढणे आणि प्रयोगशाळेत फलन. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या आवरणाला लेझरने बारीक छिद्र पाडून, ज्या भागाची पुढे वार होणार त्यातल्या पाच-दहा पेशी काढल्या जातात. भ्रूण गोठवला जातो आणि पेशी तपासायला जातात. समजा दहा स्त्रीबीजे मिळाली, तर पाचव्या दिवसापर्यंत तीनच भ्रूण टिकले, असे सहज घडते. त्यांतील एक मेजर निघाला तर दोन उरतात, आणि तेही रुजतीलच असे नाही. खर्च लाखांत जातो. शिवाय गर्भ राहिल्यावरही खात्रीसाठी सीव्हीएस किंवा गर्भजलाची तपासणी सुचवली जाते. सुई टाळायची म्हणून या मार्गाला आलेल्या जोडप्यांना हे उशिरा कळते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

जोडपी निवड करतात ती मात्र केवळ या हिशेबावर नाही. ज्यांना एकदा या कारणाने गर्भपात करावा लागला आहे, त्यांचा कल बहुधा भ्रूणतपासणीकडे असतो. न ठेवलेला भ्रूण आणि पाडलेला गर्भ यांत त्यांच्या मनाने मोठे अंतर मानलेले असते. काहींच्या श्रद्धेत असे अंतरच नसते, आणि त्यांना दोन्ही मार्ग जड जातात. ज्यांना सहज दिवस राहतात, त्यांना धडधाकट असताना 'टेस्ट ट्यूब'ची पायरी चढणे पटत नाही. आपल्याकडे तीन महिने भरेपर्यंत गोड बातमी न सांगण्याची जी रीत आहे, तिचाही सीव्हीएसला आडोसा मिळतो. रोजची इंजेक्शने सासूबाईंच्या नजरेतून सुटणे त्यामानाने कठीण. आणखी एक मागणी होते: 'आमच्यासारखा मायनरही नको.' ही मागणी मला चुकीची वाटते, कारण ती मान्य केल्यास चारपैकी तीनऐवजी एकच भ्रूण योग्य ठरतो, तोही अशा स्थितीला टाळण्यासाठी जिच्यासह आई-वडील स्वतः व्यवस्थित जगत आहेत.

म्हणून माझे मत असे की, दिवस राहण्यात अडचण नसेल आणि गर्भपाताचा विचार असह्य नसेल, तर पहिला मार्ग आधी घ्यावा. वंध्यत्वामुळे आयव्हीएफ करावेच लागणार असेल, किंवा आधीच्या गर्भपाताची जखम ताजी असेल, तर भ्रूणतपासणीचा वाढीव खर्च सार्थ ठरतो. मधुमेह, हृदयविकार यांची 'जोखीम' अनेक जनुकांच्या बेरजेवरून सांगणारी जी भ्रूणचाचणी अमेरिकेत विकली जाते, ती याच पंक्तीत बसवू नये. थॅलेसेमियात उत्तर आहे किंवा नाही असे मिळते. तिथे केवळ शक्यतेचा अंदाज मिळतो. युरोपातील मानवी आनुवंशिकी तज्ज्ञांच्या संघटनेने ती सिद्ध न झालेली आणि अनैतिक ठरवली आहे, तर भारतात २०२१ च्या कायद्यानुसार भ्रूणतपासणी ज्ञात आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. मुलगा की मुलगी, हे दोन्ही मार्गांत सांगितले जात नाही. गर्भाचे लिंग सांगण्यावरची बंदी महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशाच्या १९९४ च्या कायद्याआधीच, आणली होती.

दोघांच्या जनुकांतील नेमका दोष कोणता, हे दोन्ही मार्गांत आधी ठाऊक असावे लागते. ती डीएनए तपासणी दिवस राहण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण नवव्या आठवड्यात धावाधाव सुरू केली तर सीव्हीएसची वेळ निघून जाते आणि मग सोळाव्या आठवड्याच्या सुमारास होणारी गर्भजलाची तपासणीच हाती राहते.