मॉर्मन वॉर्ड: लेखी नियम आणि चालत आलेली रीत

मॉर्मन चर्चच्या स्थानिक मंडळीला वॉर्ड म्हणतात. तिथे नियम आणि रीत एकाच सुरात सांगितली जाते, म्हणून नवखा माणूस गोंधळतो.

रविवारच्या सभेत पाव आणि पाणी वाटण्याआधी म्हणायची संस्कार-प्रार्थना घ्या. पावाची एक, पाण्याची एक; दोन्हींचे शब्द धर्मग्रंथात ठरलेले. ‘वाइन’च्या जागी ‘पाणी’ म्हणायचं, एवढाच बदल. शब्द चुकला आणि म्हणणाऱ्या तरुणाने स्वतः सुधारला नाही, तर बिशप, म्हणजे वॉर्डचा प्रमुख, हळूच पुन्हा म्हणायला सांगतो. हा खरा नियम. त्याच तरुणाचा पांढरा शर्ट मात्र रीत आहे. नेत्यांनी शिफारस केली आणि अनेक वॉर्डांनी तिची सक्ती करून टाकली. एकुलता चांगला शर्ट निळा आहे म्हणून मुलाच्या हाती पाव-पाण्याचा ट्रे न देणं चूकच.

चहा-कॉफी वर्ज्य हा १८३३ च्या प्रकटीकरणाचा (संस्थापक जोसेफ स्मिथ यांना मिळालेला मानला जाणारा देवाचा संदेश) अधिकृत अर्थ. मंदिरात (रविवारच्या सभेपेक्षा वेगळं, खास विधींचं ठिकाण) प्रवेश मिळण्याआधीच्या मुलाखतीत तो पाळता का, हे विचारतात. कोला वर्ज्य हा नुसता समज. कॅफीनवर बंदी नाही, असं चर्चने २०१२ मध्ये स्पष्ट केलं. तरी अमेरिकेतल्या प्रोव्होच्या, चर्चच्याच ब्रिगम यंग विद्यापीठात कॅफीनवाला कोला विकायला २०१७ उजाडलं.

दशांशात उलट घोळ. उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा, हे लेखी. कर कापण्याआधीचा की नंतरचा, हे चर्चच्या सर्वोच्च नेत्यांच्या १९७० च्या पत्राने सदस्यावर सोडलं. वर्षअखेरीला बिशपला फक्त पूर्ण दिला की नाही, एवढं सांगायचं. पगाराची पावती दाखवायची नसते.