निपलला चिरा पडल्यात: स्वतःचं दूध, लॅनोलिन, खोबरेल, शील्ड की पंप?

बाळ चार-पाच दिवसांचं आहे, पाजायची वेळ जवळ आली की आधीच पोटात गोळा येतो, बाळाने ओढायला सुरुवात केली की पायाची बोटं आवळली जातात, आणि घरातली प्रत्येक बाई काहीतरी वेगळं लावायला सांगतेय. आई म्हणते तूप लाव, सासूबाई म्हणतात खोबरेल, हॉस्पिटलच्या सिस्टरने क्रीमचं नाव लिहून दिलंय, मैत्रिणीने तिचा सिलिकॉनचा शील्ड (पाजताना निपलवर बसवायची टोपी) पाठवलाय, आणि रात्री दोनला कुणीतरी म्हणतंच की एवढं दुखतंय तर डब्याचं दूध सुरू कर. यातलं काय घ्यायचं आणि काय बाजूला ठेवायचं हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. लावायच्या वस्तूंमध्ये आपापसात फार मोठा फरक नाहीये, खरा फरक पडतो तो बाळ छाती तोंडात कशी धरतं याने, म्हणजे लॅचने. त्यामुळे पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ट्यूबवर घालू नका, समोर बसून तुम्ही पाजताना बघणाऱ्या जाणकार माणसावर घाला. हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०१४ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) दुखऱ्या निपलवरच्या उपायांचा आढावा घेतला होता, ४ अभ्यास, एकूण ६५६ बायका, त्यात लॅनोलिन (लोकरीतून काढलेलं स्निग्ध मलम) होतं, जेलचे पॅड होते, औषधं मिसळलेलं मलमही होतं, आणि निघालं काय, तर काहीच न लावणं किंवा स्वतःचं दूध लावणं हे सुरुवातीच्या दिवसांत लॅनोलिनच्या तोडीस तोड किंवा कदाचित थोडं बरंच. आणि उपाय कुठलाही केला तरी बहुतेक जणींचं दुखणं बाळंतपणानंतर ७ ते १० दिवसांत बरंच कमी झालेलं होतं. म्हणजे जी वस्तू लावताना कमी कटकट आणि जास्त आराम वाटतो ती तुमच्यासाठी चांगली, इतकं साधं आहे ते.

आता लॅच. जीभ तुमच्याच टाळूवरून फिरवून बघा, पुढे टाळू कडक लागतो, मागे गेलात की मऊ होतो. निपल बाळाच्या तोंडात त्या मऊ भागाजवळ पोचलं पाहिजे, पुढेच राहिलं तर जीभ आणि कडक टाळू यांच्यात प्रत्येक घोटाला चेपलं जातं, आणि मग वरून काय वाट्टेल ते लावा, दोन-तीन तासांनी जखम परत ताजी. तपासायची युक्ती अशी की बाळाने सोडल्या सोडल्या निपलकडे नीट बघा. गोलच असेल, थोडं लांबट झालं असेल तर ठीक. चपटं होऊन नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं झालं असेल, टोकावर पांढरी रेघ दिसत असेल, तर पकड उथळ आहे, मग घरातले कितीही म्हणोत की बाळ छान पितंय.

पकड सुधारायला बाळाचं पोट आपल्या पोटाला पूर्ण चिकटलेलं हवं, मान वळलेली नको, कान-खांदा-कंबर एका रेषेत. डावीकडे पाजताना उजव्या हाताने बाळाची पाठ आणि मानेचा भाग धरायचा, डोक्याच्या मागून दाबायचं नाही, डाव्या हाताने छाती. निपल तोंडासमोर नाही, नाकासमोर ठेवायचं. वरच्या ओठाला ते लागलं की बाळ मान थोडी मागे टाकून मोठा आ करतं, त्याच क्षणी बाळाला आपल्याकडे घ्यायचं, आपण बाळावर वाकायचं नाही. हनुवटी आधी छातीत रुतते, खालचा ओठ बाहेर वळतो, आणि निपलभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त आणि खालच्या बाजूला कमी दिसतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात कळ आली आणि मग थांबली तर चालून जातं, कळ तशीच राहिली तर करंगळी स्वच्छ धुऊन बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालायची, ओढ तुटू द्यायची आणि परत लावायचं. नुसतं खेचून काढू नका, त्यानेच चीर वाढते. छाती दगडासारखी गच्च झाली असेल तर आधी हाताने थोडं दूध पिळून काळा भाग मऊ करून घ्या, नाहीतर बाळाला धरताच येत नाही. सिझर झालं असेल तर बाळाला काखेखाली घेऊन किंवा कुशीवर झोपून पाजलं की टाक्यांवर भार येत नाही आणि पकडीचा कोनही बदलतो. हे वाचून डोळ्यासमोर येत नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले व्हिडिओ बघा, फुकट आहेत, आणि पाजताना नवऱ्याला किंवा आईला मोबाईल धरून शेजारी बसवा.

आता लावायच्या गोष्टी. स्वतःचं दूध मला पहिलं वाटतं, कारण ते फुकट आहे, रात्री अंधारात शोधावं लागत नाही आणि बाळाच्या तोंडात गेलं तर प्रश्नच नाही. पाजून झालं की दोन थेंब पिळून चिरेवर लावायचे आणि थोडं वाळू द्यायचं. त्याची उणी बाजू एवढीच की ओलावा धरून ठेवत नाही, त्यामुळे खोल चीर असेल तर ती सुकून ताणते आणि पुढच्या वेळी परत उकलते. पूर्वी निपल उघडं ठेवून कडक वाळवा असं सांगायचे, ऊन दाखवा, हेअर ड्रायर मारा, आता मात्र जखम जराशी ओलसर राहिली की खपली न धरता भरते असं मानतात, आणि तिथे लॅनोलिन कामाला येतं.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतून काढलेला मेणासारखा स्निग्ध पदार्थ (लोकर कातरून काढतात, मेंढी मारत नाहीत, आमच्याकडे हा प्रश्न आधी विचारला गेला). शुद्ध केलेलं लॅनोलिन पाजण्याआधी पुसावं लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. लॅन्सिनो, मेडेलाचं प्युअरलॅन ही त्यातली नावं. वाटाण्याएवढं घ्यायचं, बोटांत मऊ करायचं आणि वरून हलकंच थापायचं, चोळायचं नाही. महाग असतं, पण ट्यूब पुष्कळ पुरते. कपड्याला तेलकट डाग पडतात, आणि लोकरीची अॅलर्जी असेल तर नकोच. एक मात्र बघा, दुकानात निपल क्रीम म्हणून मिळणाऱ्या सगळ्यांत लॅनोलिनच असतं असं नाही, मागचं लेबल वाचा, आणि पाजण्याआधी पुसून काढा असं लिहिलं असेल तर ती ट्यूब परत ठेवा, कारण दर वेळी जखम पुसणं म्हणजे दर वेळी जखम घासणं.

लॅनोलिन की खोबरेल, यात खिशाला परवडत नसेल तर खोबरेलाने काही बिघडत नाही. खायचं, सुगंध न घातलेलं, घाण्याचं असेल तर उत्तम, केसांचं सुगंधी तेल मुळीच नको. ते पातळ असल्यामुळे लवकर शोषलं जातं, वारंवार लावावं लागतं आणि ब्लाऊज खराब होतात. तुपाचंही तेच, फक्त रोज पोळीचा चमचा बुडतो त्या बरणीतलं घेऊ नका, वेगळ्या छोट्या डबीत काढून ठेवा. शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप, लावायला फार छान मऊ लागतं, पण घरी केलेल्यात पाणी राहतं आणि ते लवकर खराब होतं, त्यामुळे घ्यायचंच तर चांगल्या फार्मसीचं. मध मात्र कुठल्याही कारणाने नको, एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडात मध जाता कामा नये, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. साबण, डेटॉल, खरखरीत टॉवेल हेही निपलपासून लांबच.

जेलचे थंड पॅड अर्धा तास स्वर्ग वाटतात, पण त्यांच्याबरोबर तेल किंवा क्रीम चालत नाही, स्वच्छता नाही ठेवली तर इन्फेक्शन होऊ शकतं आणि सारखे बदलायचा खर्च आहे. मी घेतले नसते.

शील्ड आणि पंप ही खरी अवघड निवड आहे, कारण हे दोन्ही मलमासारखे नाहीत, ते दूध बाळापर्यंत कसं पोचतं तेच बदलतात. शील्डचा फायदा म्हणजे बाळ अंगावरच राहतं, आणि निपल आत ओढलेलं असेल किंवा बाळ वेळेआधीचं असेल तर कधीकधी त्यानेच गाडी रुळावर येते. पण उथळ पकडीवर शील्ड लावला तर उथळ पकड झाकली जाते, बरी होत नाही, आणि बाळाला दूध कमी जाऊ शकतं. साइजही बघावी लागते, १६, २०, २४ मिलिमीटर अशा येतात, मैत्रिणीचा तुम्हाला होईलच असं नाही. वापरायचाच तर लॅक्टेशन कन्सल्टंटला (स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवून, बाळाचं वजन आणि शूचे लंगोट मोजत, आणि सोडवायचा कधी हे आधीच ठरवून.

छातीला हात लावणंही नको झालं असेल तर मी शील्डपेक्षा दूध काढून पाजण्याच्या बाजूने आहे, एक-दोन दिवस दुखऱ्या बाजूला विश्रांती, दुसऱ्या बाजूने पाजायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांचं चिकाचं दूध थोडं आणि घट्ट असतं, पंपाच्या भांड्यालाच लागून राहतं, ते हाताने काढून थेट चमच्यात घ्या. नंतर पंप चालेल, पण निपल त्याच्या ज्या नळीत जातं तिचं माप निपलला बसलं पाहिजे, कडेला घासत असेल तर नवीच चीर पडते, आणि ओढ जास्त ठेवली म्हणून दूध जास्त येत नाही. नवजात बाळ दिवसात ८ ते १२ वेळा पितं, तेव्हा पाजणं बंद ठेवलंत तर काढणंही तितक्याच वेळा झालं पाहिजे, नाहीतर दूध कमी होतं. काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा, घरात आजीचं चांदीचं बोंडलं असेल तर उकळून घ्या. दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. काढलेलं दूध खोलीत ४ तास टिकतं हा हिशोब साधारण २५ अंशांपर्यंतचा आहे, नागपूर-जळगावच्या मेमध्ये तो धरू नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा, तिथे ४ दिवस टिकतं. चिरेतून थोडं रक्त दुधात आलं तरी बाळाला त्याचा अपाय नाही, बाळाच्या गुळणीत लाल रेघ दिसली तर घाबरून दूध तोडू नका, पण कारण तेच आहे ना हे डॉक्टरांना विचारून घ्या.

दहा दिवस उलटले, पकड नीट दिसतेय, तरी दुखतंच आहे, तर मग ट्यूब बदलत बसण्यात अर्थ नाही. पाजून झाल्यावरही आतपर्यंत आग होत राहिली, निपलची त्वचा चकचकीत झाली किंवा साल निघायला लागली, बाळाच्या तोंडात पुसून न निघणारे पांढरे ठिपके दिसले, तर बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं आणि तेव्हा आई आणि बाळ दोघांनाही औषध लागतं. पाजल्यावर निपल पांढरं पडून मग निळसर होत असेल आणि ठणकत असेल, तर रक्तवाहिन्या आकसल्यात, तिथे ऊब द्या, पंखा आणि एसीचा झोत टाळा, बर्फ लावू नका. बाळाची जीभ पुढे येतच नसेल तर जिभेखालचा पडदा बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. आणि छातीचा एखादा भाग लाल, गरम, कडक झाला, ताप भरला, अंग मोडून आलं, किंवा चिरेवर पिवळट पू दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. त्या बाजूने पाजणं सहसा थांबवायचं नसतं. मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक आणू नका, अंगावर पाजतेय हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा, म्हणजे त्यात चालणारंच औषध ते लिहून देतील.