टर्न ऑफ फॉर्च्युन्स व्हील: वर्षभर खेळल्यानंतर

‘प्लेनस्केप: ॲडव्हेंचर्स इन द मल्टिव्हर्स’ हा डी अँड डीचा (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आणि पात्रं साकारून खेळायचा कथा-खेळ) संच ऑक्टोबर २०२३मध्ये आला. तीन पुस्तकं (दोन ९६ पानांची, एक ६४ पानांचं), डीएमसाठी (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) स्क्रीन आणि एक मोठा नकाशा. त्यातलं ‘टर्न ऑफ फॉर्च्युन्स व्हील’ हे साहस आम्ही नाशिकमध्ये गेल्या पावसाळ्यात सुरू केलं आणि यंदाच्या उन्हाळ्यात पूर्ण केलं. गंगापूर रोडवर एका मित्राच्या घरी, रविवारी दुपारी. डीएम मी, समोर पाच खेळाडू, नियम खेळाच्या २०१४च्या आवृत्तीचे. पुढे कथा उघड होणार आहे, तेव्हा ज्यांना खेळाडू म्हणून बसायचंय त्यांनी इथेच थांबा.

सुरुवात अनेक विश्वांना दारांनी जोडणाऱ्या सिगिल शहराच्या शवागारात होते. पात्रं लेव्हल ३ची, आपण कोण हे कुणालाच आठवत नाही. वेगवेगळ्या विश्वांमध्ये काहीतरी बिघडलंय आणि त्या बिघाडाचा फटका याच लोकांना बसलाय. म्हणून प्रत्येक खेळाडूनं एकाच पात्राची तीन रूपं बनवायची: माणूस एकच, पण तीन विश्वांत तीन आयुष्यं जगलेला. एक रूप मेलं की दुसरं हजर होतं. वंश, क्लास (पात्राचा पेशा), स्वभाव सगळं वेगळं चालतं. गेल्या काही वर्षांत छापील साहसांत मी वाचलेली ही सगळ्यात सुंदर कल्पना आहे, आणि वर्षभर आमचा खेळ टिकला तो तिच्यामुळे.

आमच्यातल्या एकीचं पहिलं रूप फायटर होतं; लहान भावाला लढाईतून जिवंत परत आणलेली बहीण. दुसऱ्या रूपात भाऊ वाचला नव्हता, आणि त्या दुःखात ती कुणाशी तरी करार करून जादू मिळवणारी वॉरलॉक झाली होती. तिसऱ्या आयुष्यात तिला भाऊच नव्हता. पुढे कर्स्ट या गावात फायटर पडली आणि वॉरलॉक आली, तेव्हा पार्टीतल्या (पात्रांच्या गटातल्या) एकानं सवयीनं भावाची गोष्ट काढली. त्यानंतर जो संवाद झाला तो कुठल्याच पुस्तकात छापलेला नव्हता. तासभर कुणी फासे उचलले नाहीत.

माझी मोठी तक्रार नेमकी इथेच आहे. पुस्तक रूपांचा नियम देतं आणि पुढे त्याला जवळजवळ विसरतं. कथेत लागणाऱ्या सातही गावांत कुणी असं भेटत नाही, जो पात्राच्या दुसऱ्या आयुष्याला ओळखतो. शिवाय मरण स्वस्त होतं. दोन-तीन सेशननंतर खेळाडू बिनधास्त उड्या मारायला लागतात. मी एक नियम जोडला: नव्या रूपाला मोहिमेतल्या घटना आठवतात, पण आधीच्या रूपानं दिलेली वचनं त्याला बांधत नाहीत, आणि ज्याला वचन दिलं होतं त्याला मात्र ते पक्कं लक्षात असतं. एवढ्यानं मरणाला पुन्हा वजन आलं. प्रत्येक गावात एक माणूसही घातला, जो तीनपैकी एकाच रूपाला ओळखतो. हा खटाटोप करायची तयारी नसेल तर साहसाचा अर्धा आनंद हातचा जाईल.

सिगिलमध्ये सूत्रं हलवते ती शेमेश्का, कोल्ह्याच्या तोंडाची आर्कनलोथ (एक सैतानी जीव), फॉर्च्युन्स व्हील या जुगारघराची मालकीण. ती स्वतःला राजा म्हणवून घेते. आमच्या टेबलावर तिला कुणी ‘शेमेश्काबाई’ म्हटलं की ती शांतपणे ‘महाराज’ अशी दुरुस्ती करायची आणि मगच सौद्याचं बोलायची. जुगारघराचा भाग पुस्तकात सर्वांत चांगला लिहिलाय. घाई करू नका, तिथे खेळाडूंना खरोखर फासे टाकून पैसे लावू द्या.

मग पार्टी चालत्या किल्ल्यात बसून आउटलँड्स या सिगिलभोवतीच्या प्रदेशातून सात द्वार-गावं फिरते: ऑटोमाटा, कर्स्ट, एक्सेल्सिअर, फॉनेल, ग्लोरियम, रिगस, सिल्वेनिया. प्रत्येक गावात एका बाह्य प्लेनचं, म्हणजे बाहेरच्या एका विश्वाचं, दार आहे, आणि गाव त्या प्लेनसारखं फार वागू लागलं तर आख्खं गावच पलीकडे सरकू शकतं. मी प्रत्येक गावाला एकच कसोटी लावली: इथे आल्यामुळे खेळाडूचा निर्णय बदलतो का? शिस्तीनं आखलेल्या ऑटोमाटात आणि त्याच्या पोटातल्या गुन्हेगारी जगात बदलतो. बहिष्कृतांच्या कर्स्टमध्ये तर नक्कीच, कारण तिथे विश्वास ठेवणं हाच धोका. छावणीसारख्या रिगसमध्ये हुद्द्यावरून वागणूक ठरते, तिथेही. ग्लोरियम आणि फॉनेल मात्र वाचायला छान, खेळताना पातळ. ९६ पानांत सिगिल, जुगारघर, किल्ला, सात गावं आणि शेवट बसवायचा म्हणजे प्रत्येक गावाच्या वाट्याला येणार तरी किती? ग्लोरियम आम्ही एका दुपारीत उरकलं आणि कुणाला त्याची आठवणही राहिली नाही. सिल्वेनियाची अखंड मेजवानी मी वाढवून खेळवली, ती चांगली रंगली.

मॉड्रॉन या कथेच्या मुळाशी आहेत. मेकॅनस या प्लेनचे हे भौमितिक आकारांचे जीव दर २८९ वर्षांनी, म्हणजे १७ गुणिले १७, बाह्य प्लेन्समधून महायात्रा काढतात. नाशिककरांना हे समजावायला मला काही कष्ट पडले नाहीत: गुरू सिंह राशीत आला की दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ आठवा म्हटलं, बस्स. २०१५ची पर्वणी सगळ्यांनी पाहिलेली. यात्रा येण्याआधीच गाव कसं बदलतं, रस्ते कोणते बंद होतात, घाटाजवळच्या दुकानदाराला काय वाटतं, हे खेळाडूच मला सांगायला लागले. त्यांच्या बोलण्यातून द्वार-गावांतली चार-पाच माणसं जन्माला आली. पुस्तकात महायात्रेची ही गावकऱ्यांकडची बाजू फार कमी आहे.

शेवटाकडे पात्रं लेव्हल १०वरून थेट १७वर जातात, कारण आपण मुळात कोण होतो ते त्यांना उमगतं. कथेच्या दृष्टीनं ही उडी मला मनापासून आवडली. टेबलावर ती जड जाते. विझार्ड पाचव्या पातळीच्या मंत्रांवरून एकदम नवव्यावर, मधल्या तीन पातळ्या कधी वापरल्याच नाहीत. रोग (चोर) या क्लासचा स्नीक अटॅक, म्हणजे गाफील शत्रूवरचा वार, ५डी६चा (पाच सहापैलू फासे) ९डी६ होतो. प्रोफिशिएन्सी बोनस (कसबासाठी फाशात मिळवायचा आकडा) +४चा +६. खेळाडूला आपल्याच पात्राची ताकद समजायला वेळ लागतो आणि तोवर लढाई अडून बसते.

तर हे करा: जुगारघरात परतण्याच्या आठवडाभर आधी सगळ्यांना लेव्हल १७ची शीट घरी भरायला द्या, मंत्रांची यादी छापून द्या, आणि मुख्य सामन्याआधी एक सोपी लढाई ठेवा, नव्या ताकदीचा हात बसण्यापुरती. आमच्या वॉरलॉकनं त्या सोप्या लढाईत नवव्या पातळीचा मंत्र वाया घालवला आणि मुख्य लढाईत तो नेमका कधी वापरायचा हे तिला कळलेलं होतं.